दुसरं गिऱ्हाईक

एकदा एका बाजारगावी एक वृद्ध तांबट राहत असे. तांब्याचे हंडे, घंगाळी आणि बंब घडवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पन्नास वर्षे हातोड्याच्या ठोक्यांत काढल्यामुळे त्याच्याइतका मोठ्याने बोलणाराही कोणी नव्हता. त्याने कानात सांगितलेले गुपित तिसऱ्या घरी ऐकू जाई. लोक त्याला अप्पा म्हणत, आणि काही खासगी बोलायचे असेल तर त्याच्याकडे जात नसत.

अप्पांचा एक शिष्य होता, नरहरी. वय तिशीच्या आत-बाहेर, हात हुशार, स्वभाव काटकसरी. काटकसर त्याच्या अंगी हौसेने आलेली नव्हती. वडील लवकर गेले, धाकट्या बहिणींची लग्ने त्यानेच केली, आणि खिशात चार पैसे असताना आठ पैशांचे काम कसे उरकावे हे तो पुस्तकाविना शिकला. अशा माणसाला कोणी कंजूष म्हटले की मला राग येतो. ज्याने कधी रिकाम्या डब्यात हात घातला नाही, त्याने दुसऱ्याच्या काटकसरीला नावे ठेवू नयेत.

त्यांच्या तांबट आळीचा रिवाज असा की अमावास्येला हातोडा उचलायचा नाही. महिन्यातली हीच एक पूर्ण सुटी. आणि त्या महिन्याची अमावास्या नरहरीसाठी मोठ्या भाग्याची होती, कारण त्याच दिवशी संध्याकाळच्या पाच वाजताच्या एस.टी.ने त्याची बायको कावेरी माहेरून परतणार होती. सोबत तीन महिन्यांची लेक. मुलीचे पाऊल पहिल्यांदाच वडिलांच्या घराला लागणार होते. नरहरीने भिंतींना चुना दिला होता, शेजाऱ्यांकडून जुना लाकडी पाळणा मागून आणून घासूनपुसून ठेवला होता. उरले होते ते बाजारातून आणायचे. कावेरीने फोनवर यादी सांगितली होती: पाळण्याला भक्कम दोरी, छोटी मच्छरदाणी, दुपट्यासाठी मऊ सुती कापड, आणि बाळंतिणीच्या खिरी-लाडवांसाठी अळीव आणि डिंक. त्याखाली नरहरीने आपल्या मनाने एक शब्द लिहिला होता, खुळखुळा.

अळीव-डिंक एकच धरले तर यादी पाच वस्तूंची होती आणि पैसे जेमतेम चार वस्तूंचे.

"मी येतो तुझ्याबरोबर," अप्पा म्हणाले. आळीत सगळ्यांना कळले की अप्पा बाजाराला निघाले.

"अप्पा, मला जरा घाईने फिरायचंय. तुम्हाला दगदग होईल."

"सुटी तुलाच आहे का रे? मलाही आहे. चल."

गुरूला नाही म्हणता येत नाही. दोघे निघाले. वाटेत नरहरीने आपला बेत सांगितला, आणि तो सांगताना त्याची छाती थोडी फुगली होती.

"अप्पा, चार वस्तूंच्या पैशांत पाच वस्तू आणायची एक युक्ती आहे. बाजार मांडतात तेव्हाच पोचायचं. भवानीच्या वेळी."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे बाजारात उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. विकणारा ते पहिले पैसे डोळ्यांना लावतो, कपाळाला लावतो, मग गल्ल्यात टाकतो. भवानी चांगली झाली तर दिवस चांगला, आणि भवानीचे गिऱ्हाईक रित्या हाताने परत गेले तर दिवस फुकट, अशी त्याची श्रद्धा असते. नरहरीची युक्ती या श्रद्धेवर उभी होती. पहिले गिऱ्हाईक व्हायचे, अर्ध्या किमतीला मागायचे, आणि नाही म्हटले की पाठ फिरवायची. दोन पावले टाकायच्या आत हाक येतेच.

"प्रत्येक दुकानात पहिलं गिऱ्हाईक आपण," नरहरी म्हणाला. "म्हणून म्हणतो, पाय उचला."

 अप्पांनी पाय उचलले.

बाजाराच्या तोंडाशीच एक बाई दोरखंडे मांडत होती. स्वतः वळलेली सुती दोरी, सुतळी, शिंकी, जनावरांची दावी, पोळ्यासाठी बैलांचे रंगीत गोंडे. हाताच्या तळव्यांना दोरी वळून वळून घट्टे पडले होते. नरहरीने पाळण्याची दोरी निवडली. बाईंनी एकशेवीस सांगितले.

"सत्तर."

"दादा, सूतच तेवढ्याचं हाय. वळायची मजुरी सोडून बोलतीया मी."

"बरं, राहू द्या." नरहरीने पाठ फिरवली. एक पाऊल टाकले. दुसरे टाकले.

"अवो दादा! या माघारी. भवानीच्या वक्ताला असं जाऊ नये. ऐंशी द्या."

नरहरीने ऐंशी दिले. बाईंनी ते डोळ्यांना लावले, पण नोटा गल्ल्यात टाकताना त्यांनी नरहरीकडे पाहिले नाही. अप्पांनी त्यांना विचारले, "परवडलं का हो, मावशी?" हा प्रश्न समोरच्या रांगेतल्या कांदेवाल्यानेही ऐकला.

"भवानीला परवडतंय का, असं इचारायचं नसतं, आजोबा," बाई म्हणाल्या आणि उरलेल्या दोऱ्या नीट लावू लागल्या.

नरहरी मात्र हवेत तरंगत होता. पहिल्याच झटक्यात चाळीस रुपये वाचले होते. खुळखुळा त्याला कानात वाजताना ऐकू येत होता.

पुढे एक किराणावाला फळी उघडत होता. नरहरी डिंकाचे खडे हातात घेऊन नाक मुरडण्याच्या तयारीत होता. भाव करण्याआधी मालाला नाक मुरडावे लागते, हा सगळ्या बाजारांचा शिष्टाचार आहे. तेवढ्यात बाजूने आवाज आला, "शेठ, एक जायफळ द्या. केवढ्याला?" दुकानदाराने सांगितले. अप्पांनी सांगितले तेवढे पैसे दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवले. "घ्या, तुमची भवानी." दुकानदाराचा चेहरा उजळला. पैसे डोळ्यांना लागले, कपाळाला लागले, गल्ल्यात गेले.

नरहरीच्या हातातला डिंक हातातच राहिला. भवानी होऊन गेली होती. आता तो पाठ फिरवून वेशीपर्यंत गेला असता तरी कोणी हाक मारली नसती. झक मारत त्याने सरळ भाव केला. दुकानदाराने थट्टा केली, "घरात बाळंतीण आहे आणि डिंकात काटकसर करता, राव?" शेवटी पाच-दहा रुपये कमी करून त्याने माल बांधून दिला, वर मूठभर अळीव सैल हाताने टाकले. नरहरीला ती मूठ दिसलीच नाही. त्याला फक्त न मिळालेली अर्धी किंमत दिसत होती.

म्हाताऱ्या माणसाला जायफळाची आठवण झाली असेल, असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

मच्छरदाणीवाल्याकडे तो अप्पांच्या पुढे चांगला वीस पावले पोचला. मच्छरदाणी उलगडली, जाळी डोळ्यासमोर धरली, "विणीत भोकं मोठी आहेत" म्हणाला. मच्छरदाणीला भोके असणारच, पण हाही शिष्टाचारच. जाळीआडून पाहतो तो काय, अप्पा येऊन पोचलेले आणि लेंग्याची एक नाडी खरेदी करून पैसे देत आहेत. "घ्या, भवानी!"

"अप्पा, तुम्ही तर धोतर नेसता!"

"असू दे. कधी लागली तर?"

आता नरहरीच्या लक्षात आले की हा योगायोग नव्हे. पण गुरूवर ओरडणार कसे? त्याने मच्छरदाणी घेतली, ठरवलेल्या किमतीपेक्षा थोडी जास्त देऊन, आणि मनातल्या मनात नवा बेत रचला. कापडवाल्याच्या शेजारी चहाची टपरी होती. त्याने अप्पांना तिथल्या बाकावर बसवले, चहा सांगितला, आणि हात जोडून म्हणाला, "अप्पा, तुम्ही आता इथेच बसा. हलू नका. मी कापड घेऊन आलोच."

अप्पा हलले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी पाळला. नरहरीने कापडाच्या गठ्ठ्याला हात लावला मात्र, आणि टपरीच्या बाकावरून अख्ख्या बाजाराला हादरवणारी आरोळी आली, "अहो कापडवाले! एक रुमाल द्या पाठवून! होईल ती किंमत! भवानी आमची!"

कापडवाला खुशीत हसला. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. चहावाल्याने रुमाल आणि पैसे इकडून तिकडे पोचवले. नरहरीने मुकाट्याने दोन मीटर मलमल घेतली आणि टपरीवर येऊन अप्पांच्या समोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"अप्पा, तुम्ही माझे गुरू. पण आज तुम्ही माझ्याशी वैर धरलंत. जायफळ, नाडी, रुमाल! तीन ठिकाणी माझी भवानी मोडलीत. मी चैनीसाठी भाव करत नव्हतो. माझी लेक येतेय आज. तिच्यासाठी एक खुळखुळा घ्यायचा होता मला. आता माझ्याकडे साठ रुपये उरलेत, आणि परवा भाजीला त्यातलेच लागणार आहेत."  मला वाटते, त्याला खुळखुळ्याचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त दुःख आपली एकमेव विद्या गुरूनेच निकामी केल्याचे होते.

अप्पांनी बाकावर सरकून त्याला जागा दिली. आणि मग एक नवल घडले. ते हळू आवाजात बोलले. चहावाला नंतर सांगत असे की अप्पांना तसे बोलताना त्याने आयुष्यात तेवढे एकदाच ऐकले.

"नरहरी, भाव करण्यात पाप नाही. ज्याची ऐपत बेताची, त्याने भाव करावाच. मी तुला भाव करताना कधी अडवलं? आजही नाही अडवलं. मी फक्त तुला पहिलं गिऱ्हाईक होऊ दिलं नाही.

"तुझ्याएवढा होतो, तेव्हा मी माझा पहिला हंडा घेऊन याच बाजारात बसलो होतो. आठ दिवस ठोकून घडवलेला. सकाळीच एक सद्गृहस्थ आला. त्याने नुसत्या तांब्याच्या किमतीला मागितला आणि पाठ फिरवली. भवानी होती. मी हाक मारली. दिला. पैशाचं नुकसान मी चार दिवसांत विसरलो. पण मला नाही म्हणता आलं नाही, हे विसरायला फार वर्षं लागली. त्याने माझ्या हंड्याला किंमत केलीच नाही, रे. माझ्या देवाला मध्ये उभं केलं आणि त्याच्या आडून हात घालून हंडा उचलला.

"ज्याला नाही म्हणायची मोकळीक आहे, त्याचाच होकार खरा. किराणावाल्याने तुला पाच-दहा कमी केले, ते त्याच्या मर्जीने. वर मूठभर अळीव टाकले, तू बघितलेसुद्धा नाहीस. दोरीवाल्या बाईंनी चाळीस कमी केले, ते त्यांनी दिले नाहीत. ते तू घेतलेस. मालाचा भाव कर, बाळ. हवा तेवढा कर. माणसाच्या श्रद्धेचा करू नकोस. आपण गरीब आहोत म्हणून दुसऱ्याच्या अडचणीवर पाय देऊन उंच व्हायचं नसतं. भाव करायचा असेल तर दुसरं गिऱ्हाईक होऊन करावा."

एवढे बोलून त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात ओरडले, "चहात साखर कमी आहे!"

 नरहरीने पिशवीतली पुडी उघडली. अळीव खरेच जास्त होते. मग त्याने दोरी बाहेर काढली. घट्ट, एकसारखी, कुठे गाठ नाही की धागा सुटलेला नाही. ती वळणाऱ्या हातांचे घट्टे त्याने सकाळी पाहिले होते, पण तेव्हा त्याचे लक्ष पाठ कधी फिरवायची याच्यावर होते. जी दोरी आपल्या लेकीचा भार पेलणार, तीच आपण अशी आणली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अप्पा, आलोच," तो म्हणाला.

दोरीवाल्या बाईंपुढे आता चार गिऱ्हाइके होती. नरहरी मागे थांबला. पाळी आल्यावर त्याने चाळीस रुपये पुढे केले.

"मावशी, सकाळचे राहिलेले."

बाईंनी पैशांकडे पाहिले आणि हात मागे घेतला. "न्हाई दादा. भवानीचा सौदा झाला. त्यो मोडायचा नसतो. मी भीक न्हाई घेत."

नरहरीला वाटले, जमिनीने पोटात घ्यावे. चूक केली ती केली, वर ती भरून काढायला आला तो बाईंच्या मानावरच पाय देऊन.  अप्पा असते तर त्यांनी काय केले असते, याचा तो विचार करू लागला, आणि आज सकाळपासून अप्पा काय करत होते हे त्याला अचानक आठवले. ते प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक झाले होते.

त्याने दोऱ्यांवरून नजर फिरवली. "मावशी, तो गोंडा केवढ्याला?"

"ह्यो? ह्यो बैलाच्या शिंगाचा. लाल-हिरवा. पन्नास."

नरहरीने पन्नास मोजून दोन्ही हातांनी त्यांच्या तळव्यावर ठेवले.

बाई थबकल्या. "भाव न्हाई केला?"

"नाही."

"बैल हायेत तुमच्याकडं?"

"लेक आहे. तीन महिन्यांची. आज पहिल्यांदा घरी यायचीय. पाळण्यावर टांगीन म्हणतो."

बाई हसल्या, आणि अशा हसल्या की शेजारच्या सुपे-टोपल्यावाल्याने मान वळवली. "पोरीच्या पाळण्याला बैलाचा गोंडा! आन सकाळी सांगितलं का न्हाई, दोरी पाळण्याला हवी म्हून?" त्यांनी त्याच्या हातातला गोंडा काढून घेतला, आतल्या पिशवीत हात घालून दुसरा काढला. त्याला खाली बारीक घुंगरू होते. "ह्यो न्या. ह्यो वाजतुया. आन दोरी आणा हिकडं, पाळण्याची गाठ कशी मारायची ते दावते. पुरुष मान्सं नेसूच्या धोतराची गाठ मारत्यात पाळण्याला."

"घुंगरांचे किती द्यायचे?"

"मी मागितलं का?"

 नरहरीला आता होकारातला फरक ऐकू येत होता. त्याने बाईंकडून गाठ शिकून घेतली, दोनदा मारून दाखवली, दुसऱ्यांदा बाईंनी मान डोलावली.

बाजारातून परतताना अप्पांनी जायफळ त्याच्या पिशवीत टाकले. "घुटीत उगाळायला लागतं. रुमाल मी ठेवतो. नाडीचं काय करायचं ते मलाही कळत नाहीये." दोघेही हसत आळीत शिरले. दुपारभर त्यांनी पाळणा टांगला. गाठ बसली. नरहरीने पाळण्यात आधी पाट्याचा दगड ठेवून झोका दिला, मग अप्पांनी दोरीला लोंबकळायचा हट्ट धरला, तो मात्र त्याने मानला नाही.

पाच वाजता तो एस.टी. स्टँडवर होता. गाडी वीस मिनिटे उशिरा आली. खिशात दहा रुपये होते आणि परवाच्या भाजीचा प्रश्न जागच्या जागी होता, तरी त्या दिवशी त्याच्याइतका श्रीमंत माणूस स्टँडवर दुसरा नसावा. कावेरी उतरली. प्रवासाने थकली होती, पदरात गाठोडे झोपले होते. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. बाजाराच्या दिवशी हा माणूस कसा ओढलेल्या तोंडाने परततो, हे तिला तीन वर्षांच्या संसारात पाठ झाले होते.

"आज बाजाराला गेला नाहीत का?" तिने विचारले.

"गेलो होतो."

"मग एवढे खूश कसे?"

"चल, घरी गेल्यावर सांगतो."

उंबऱ्यावर शेजारणीने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकीला पाळण्यात ठेवले. तिने डोळे उघडले. वर लाल-हिरवा गोंडा हलत होता, घुंगरू किणकिणत होते. ती टक लावून पाहू लागली.

"अहो, हे काय? बैलाचा गोंडा?" कावेरीने कपाळावर हात मारला आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिने सवयीने पाळण्याची दोरी ओढून पाहिली. "दोरी मात्र छान मिळाली. केवढ्याला?"

नरहरी आकडा जुळवू लागला. ऐंशी म्हणायचे की एकशेवीस, की गोंडा धरून एकशेतीस? सकाळचा नरहरी असता तर त्याने छाती फुगवून आकडा सांगितला असता.

"केवढ्याला ते विचारू नकोस," तो म्हणाला. "वळणाऱ्या बाईंची ओळख झाली. पुढच्या बाजाराला तुम्हा दोघींना घेऊन जातो. त्यांनी पोरीला बघायला बोलावलंय."

कावेरीने झोका दिला. गाठ कुरकुरली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना भाव करावा लागतो, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. फक्त समोरच्याला नाही म्हणता येत आहे ना, एवढे पाहून मग तोंड उघडावे.